गगनबावड्यात सिंगापूरच्या अडीचपट पाऊस पडतो, तरी वर्षावनाचं हवामान सिंगापूरलाच का?

कोल्हापुरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एकाचा प्रश्न असा आहे: "गगनबावड्याला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो, सिंगापूरला जेमतेम एकवीसशे. तरी पुस्तकात विषुववृत्तीय वर्षावनाच्या हवामानात सिंगापूर आणि गगनबावडा मात्र मान्सूनच्या खात्यात. असं का? आणि विषुववृत्ताजवळ हे हवामान नेमकं तयार होतं कसं? 'सूर्यकिरण लंबरूप, म्हणून उष्णता, म्हणून बाष्प, म्हणून पाऊस' एवढ्यावर समाधान होत नाही."

होऊही नये. त्या साखळीतल्या दोन कड्या गाळलेल्या आहेत. एवढं पाणी येतं कुठून ही पहिली, आणि ते बारा महिने थांबत का नाही ही दुसरी. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याचा घोळ दुसऱ्या कडीत आहे, पण आधी पाऊस पडतो कसा ते बघू.

कोल्हापुरात बसून विषुववृत्तावरचा पाऊस समजून घ्यायचा असेल तर आषाढातल्या झडीकडे बघू नका, वळवाकडे बघा. आषाढातला पाऊस वाऱ्याने ढकलत आणून सह्याद्रीवर चढवलेल्या हवेचा, म्हणजे प्रतिरोध पर्जन्य. वळीव म्हणजे तापलेल्या जमिनीवरून आपसूक वर उठलेल्या हवेचा, आरोह पर्जन्य. विषुववृत्तावरच्या पावसाचं मूळ याच जातीचं. सकाळी आकाश निरभ्र, दहा-अकराला कापसाचे गोळे, एक-दोनपर्यंत त्यांचे मनोरे, तीन-चारला गडगडाट. फरक एवढाच की आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये मोजक्या दुपारी जे जमून येतं, ते तिथं वर्षभर जमत राहतं.

का जमतं ते एका सोप्या गणितानं कळतं. हवेचं तापमान आणि दवबिंदू तापमान (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते) यांतल्या फरकाला १२५ ने गुणा. ढगाचा तळ जमिनीपासून अंदाजे किती मीटर उंचीवर असेल ते मिळतं. कारण वर जाणारी कोरडी हवा किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी थंड होते, तिचा दवबिंदूही थोडा खाली सरकतो, आणि दोन्ही जिथं गाठ घेतात तिथं सांद्रीभवन सुरू होतं. दवबिंदू हल्ली मोबाईलवरच्या हवामानाच्या ॲपमध्येही दिसतो. कोल्हापुरात मेच्या दुपारी तापमान ३८ आणि दवबिंदू १७ असेल तर फरक २१, ढगाचा तळ २,६०० मीटरच्या वर. सिंगापूरला दुपारी ३१ आणि २४, फरक ७, तळ पाऊण-एक किलोमीटरवर. म्हणजे तिथं हवेला ढग होण्यासाठी आपल्या एक तृतीयांश उंची चढली तरी पुरतं. आपला वळीव आधी धुळीचा लोट का उठवतो, पत्रे का उडवतो, तेही इथंच कळतं. अडीच किलोमीटरच्या कोरड्या हवेतून पडताना निम्मे थेंब वाटेतच आटतात, आटताना हवा गार आणि जड करतात, आणि ती हवा धाडकन खाली आदळून चहूकडे पसरते. गाराही या गार-कोरड्या वाटेनं जमिनीपर्यंत टिकतात. विषुववृत्तावर ढगाखालची हवा आधीच ओलीचिंब, शून्य अंशाची रेषा पाच किलोमीटरच्या आसपास. तिथून निघालेली गार खाली पोचेपर्यंत पाणी होते.

एकदा ढग धरला की खेळ बदलतो. वाफेचं पाणी होताना सुप्त उष्णता बाहेर पडते आणि उष्ण, दमट हवेत ती इतकी असते की ढगातली हवा खालच्या थरात किलोमीटरला ९.८ ऐवजी चारेक अंशांनीच थंड होते. भोवतालची हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होत असते. त्यामुळे ढग जितका वर जाईल तितका शेजाऱ्यापेक्षा उबदार राहतो आणि आणखी वर जातो. विषुववृत्ताजवळ तपस्तब्धीची, म्हणजे जिथून वर हवा थंड होणं थांबतं त्या थराची, छतपट्टी सोळा-सतरा किलोमीटरवर आहे, गर्जन्मेघ (गडगडाटी ढग) तिथवर पोचतात. मात्र प्रत्येक गोळ्याचा मनोरा होत नाही. मधल्या थरात कोरडी हवा असेल तर ती ढगात मिसळते, थेंब आटवते आणि ढगाची उसळी मारते. मार्चमध्ये कोल्हापुरात दुपारी कापूस दिसतो पण संध्याकाळपर्यंत विरतो, तो याच कारणानं. वरून दबणाऱ्या कोरड्या हवेचं झाकण बसलेलं असतं. विषुववृत्तावर कालच्या, परवाच्या ढगांनी मधला थर ओला करून ठेवलेला असतो. आजचा पाऊस उद्याच्या ढगाची सोय करून जातो म्हणा ना.

आणि सगळा पाऊस गडगडाटाचाही नसतो. मनोरा छताला टेकला की वर ऐरणीसारखा पसरतो, त्या पसरलेल्या थरातून तासन्‌तास संथ रिपरिप सुरू राहते. उष्ण कटिबंधातल्या एकूण पावसापैकी साधारण चाळीस टक्के या रिपरिपीचा. "विषुववृत्तावर रोज दुपारी चारला पाऊस" हे वाक्य उत्तरपत्रिकेत घड्याळ लावल्यासारखं येतं, ते थोडं सैल करून लिहा. खंडाच्या आतल्या भागात दुपार-संध्याकाळ हे खरं. समुद्रावर आणि किनाऱ्यावर बऱ्याचदा रात्री उशिरा किंवा पहाटे पाऊस जास्त. सिंगापूरला मलाक्काच्या सामुद्रधुनीवरून येणाऱ्या वादळी रांगा, ज्यांना तिथं 'सुमात्रा' म्हणतात, अनेकदा पहाटेच थडकतात. वर्षभरात तिथं पावसाचे दिवस सरासरी १७१, म्हणजे निम्म्याहून अधिक दिवस कोरडे.

आता उष्णतेचं बघू, कारण इथं सर्वांत जास्त गैरसमज आहे. सूर्य लंबरूप, मग विषुववृत्तावर कमाल तापमान का नाही? सिंगापुरात आजवर नोंदलेला उच्चांक ३७ अंशांचा आहे. एवढं तर कोल्हापूरकर एप्रिलमध्ये सहज सोसतात. कारण उष्णता तिथं हवा तापवण्यात नाही, पाणी उडवण्यात खर्च होते. ॲमेझॉनच्या जंगलातून रोज सरासरी साडेतीन मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, तेव्हा एकरी रोज १४ हजार लिटर. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २४.५ लाख ज्यूल लागतात. साडेतीन लिटरला ८६ लाख ज्यूल, म्हणजे चौरस मीटरमागे रोज जवळजवळ २.४ युनिट वीज. परावर्तन आणि उत्सर्जन वजा जाता जमिनीच्या हाती दिवसाकाठी उरतात तीनेक युनिट. त्यातले सोळा आणे नव्हे, पण रुपयातले बारा-तेरा आणे झाडांच्या पानांतून वाफेबरोबर निघून जातात. कोल्हापूरच्या पूर्वेकडच्या शिरोळच्या नांगरून टाकलेल्या रानात मेमध्ये उडवायला पाणीच नाही. तिथं तोच पैसा हवा तापवण्यात जातो.

ही वाफ मग पाऊस होऊन परत पडते, हे बरोबर. पण हिशेब तेवढ्यावर बसत नाही. ॲमेझॉनमध्ये पाऊस वर्षाला साधारण २,३०० मिलिमीटर धरला तर रोजचे ६.३. बाष्पीभवन साडेतीन. उरलेले पावणेतीन-तीन मिलिमीटर बाहेरून आलेच पाहिजेत, आणि तेवढेच नदीवाटे परत समुद्रात जातात. पडताळा घेता येतो. ॲमेझॉन समुद्राला सेकंदाला साधारण दोन लाख घनमीटर पाणी देते, आपल्या भाषेत सत्तर लाख क्युसेक. (अलमट्टीतून पाच लाख सुटले की आपल्याकडे बातमी होते.) खोरं साठ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास. भागाकार केला की रोजचे पावणेतीन-तीन मिलिमीटर येतात. ताळेबंद जुळला.

शिवाय हवेत साठा किती असतो तेही पाहा. विषुववृत्तावरच्या एका चौरस मीटरवरची सगळी हवा, जमिनीपासून छतापर्यंत, पिळून काढली तर ५० ते ६० मिलिमीटर पाणी निघेल. बस्स. वर्षाचे २,३०० मिलिमीटर पडायचे तर ही टाकी चाळीसेक वेळा भरायला हवी. नुसतं ऊन ती भरू शकत नाही, वारे भरतात.

हे वारे कुठले, तर दोन्ही गोलार्धांतले व्यापारी वारे. उत्तरेकडून ईशान्य, दक्षिणेकडून आग्नेय. उबदार समुद्रावरून हजारो किलोमीटर येताना बाष्प गोळा करत येतात आणि विषुववृत्ताजवळ एकमेकांना भिडतात. आडवं जायला वाट नाही, खाली समुद्र, तेव्हा हवा वर जाते. हाच आंतर-उष्णकटिबंधीय अभिसरण पट्टा, तुमच्या नोट्समधला आयटीसीझेड. वर गेलेली हवा पाऊस गाळून कोरडी होते, उंचावरून ध्रुवांच्या दिशेनं निघते आणि २० ते ३० अंशांच्या दरम्यान खाली उतरते. उतरताना दाबून तापते, त्यात ढग होत नाहीत. सहारा आणि अरबस्तान त्याच हवेखाली आहेत. जॉर्ज हॅडली या इंग्रज वकिलानं १७३५ मध्ये या चक्राचा आराखडा मांडला. विषुववृत्तावरचं वर्षावन आणि सहारा ही एकाच रहाटाची दोन टोकं आहेत, एकीकडे पाणी उपसलं जातं म्हणून दुसरीकडे कोरडं पडतं.

नकाशावर हा पट्टा सलग रिबीन काढलेला असतो. उपग्रहाच्या चित्रात तो कधीच तसा नसतो. ढगांचे पुंजके, मध्ये मोकळं आकाश, पुन्हा पुंजके. हर्बर्ट रील आणि जोआन मॅल्कस यांनी १९५८ मध्ये हिशेब मांडून दाखवलं की संपूर्ण पट्ट्याची उष्णता वर वाहून नेण्याचं काम कोणत्याही क्षणी जेमतेम दीड ते पाच हजार मोठे मनोरे करत असतात. बाकी हवा सावकाश खालीच येत असते. वारेही इथं फार जोराचे नसतात, म्हणून जुने दर्यावर्दी याला शांत पट्टा म्हणत. विषुववृत्तावर पृथ्वीच्या फिरण्याचा वळण देणारा परिणाम शून्याजवळ असल्यानं पाच अंशांच्या आत चक्रीवादळंही जवळपास होत नाहीत. २००१ च्या डिसेंबरात सिंगापूरजवळ दीड अंशावर 'वामेई' झालं ते अपवाद म्हणूनच लक्षात ठेवलं जातं.

आता दुसरी कडी, हा पट्टा तिथून हलत का नाही. हलतो, पण फार नाही.

कोल्हापूरकराला हे अंबाबाईच्या किरणोत्सवावरून सांगता येतं. मावळतीची किरणं गाभाऱ्यापर्यंत वर्षातून दोनदा जातात: ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला. दोनदा का, तर सूर्य दक्षिणेकडे जाताना एकदा त्या कोनातून जातो आणि परतताना पुन्हा. डोक्यावर येण्याचंही तसंच. कोल्हापूर १६.७ अंश उत्तरेवर. मेच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो, सावली नाहीशी होते. पुन्हा तसं होतं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मधलं अंतर तीन महिने. नंतरचे सलग नऊ महिने तो दक्षिणेकडेच कललेला. २२ डिसेंबरला दुपारी तो क्षितिजापासून फक्त ५० अंश वर असतो. विषुववृत्तावर सूर्य डोक्यावर येण्याच्या दोन दिवसांमधलं अंतर सहा-सहा महिन्यांचं आहे, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमाराला, आणि मधल्या काळातही दुपारचा सूर्य साडेसहासष्ट अंशांच्या खाली उतरत नाही. दिवस बारा महिने बारा तासांचाच. म्हणून सिंगापूरच्या सर्वांत गार आणि सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीत दोन अंशांचाही फरक नाही, तर रोजच्या पहाटे-दुपारमध्ये सहा-सात अंशांचा असतो.

सूर्यामागून अभिसरण पट्टाही वर-खाली सरकतो. पण विषुववृत्त त्याच्या येरझाऱ्यांच्या मधोमध असल्यानं तो दोनदा वरून जातो आणि गेला तरी हाकेच्या अंतरावर राहतो. म्हणूनच काँगो खोऱ्यातल्या किसांगानीसारख्या ठिकाणी पावसाचे दोन चढ दिसतात, आणि दोन चढांच्या मधला उतार कोरडा नसतो, थोडा कमी ओला असतो, एवढंच.

आशियात मात्र या पट्ट्याची गणितं बिघडतात, आणि गगनबावडा तिथं सापडतो. उत्तर भारताची जमीन उन्हाळ्यात इतकी तापते की पट्टा समुद्रावरच्या मर्यादा सोडून थेट गंगेच्या मैदानापर्यंत, २५ अंशांच्या आसपास जातो. आपण त्याला मान्सूनचा आस म्हणतो. दक्षिण गोलार्धातले वारे त्याच्या ओढीनं विषुववृत्त ओलांडतात, सोमालियाच्या किनाऱ्यावरून वळतात आणि नैऋत्येकडून अरबी समुद्र पार करून कोकणात उतरतात. जुलैत घाटाखालच्या वैभववाडीला तापमान २७ आणि दवबिंदू २५ असेल. तेच १२५ चं गणित करा: ढगाचा तळ अडीचशे मीटर. आणि समोर सह्याद्रीची सहा-सातशे मीटरची भिंत. करूळ घाटात जुलैत ढग रस्त्यावर उतरलेत असं वाटतं; खरं तर रस्ताच ढगात चढलेला असतो. वारा जोवर ढकलतोय तोवर पाऊस, दिवस-रात्र, ऊन असो-नसो. त्यामुळेच एकेका दिवसात दोन-तीनशे मिलिमीटर पडून पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ ची धोका पातळी ओलांडते. भिंत ओलांडलेली हवा पुढे उताराला लागते, म्हणून ५५ किलोमीटरवरच्या कोल्हापुरात हजारेक मिलिमीटर आणि शिरोळात पाचशेच्या आसपास.

ऑक्टोबरात आस दक्षिणेला निघून जातो, आणि जानेवारीत गगनबावड्यावर वारा असतो तो जमिनीवरून आलेला, पूर्व-ईशान्येचा, वर हॅडलीच्या रहाटातली उतरती हवा. दुपारी ३० अंश, दवबिंदू ११, ढगाचा तळ बावीस-तेवीसशे मीटर आणि त्याच्या आधीच झाकण. पाऊस शून्याच्या जवळ.

वर्गीकरण नेमकं हेच पकडतं. व्लादिमीर कोपेननं १८८४ पासून पुढची काही दशकं सुधारत नेलेल्या पद्धतीत वर्षावनाला दोन अटी आहेत. सर्वांत गार महिन्याची सरासरी १८ अंश किंवा जास्त, आणि सर्वांत कोरड्या महिन्यात किमान ६० मिलिमीटर पाऊस. एकूण पावसाची अटच नाही! हा गट ए-एफ, यातला एफ जर्मन 'फॉइश्ट'चा, म्हणजे ओलसर. ६० ची अट चुकली तर वर्षाचा पाऊस २५ ने भागून १०० मधून वजा करायचा. कोरड्या महिन्याचा पाऊस त्या उत्तराइतका किंवा जास्त असेल तर मान्सून गट ए-एम, कमी असेल तर सॅव्हाना ए-डब्ल्यू. आकडे घालून बघा. सिंगापूरचा सर्वांत कोरडा महिना फेब्रुवारी, तरी १०० च्या वर: ए-एफ. गगनबावडा ६,००० धरला तर ६,००० भागिले २५ म्हणजे २४०, १०० वजा २४० म्हणजे उणे १४०. जानेवारीत थेंबही पडला नाही तरी शून्य हा उणे १४० पेक्षा मोठाच: ए-एम. कोल्हापूर शहर हजार मिलिमीटरचं, उत्तर ६०, जानेवारी-फेब्रुवारी एक-दोन मिलिमीटरचे: ए-डब्ल्यू. शिरोळला ए गटातही जागा नाही. तिथं पाऊस मुख्यतः उन्हाळी सहामाहीतला, तेव्हा कोरडेपणाची सीमा सरासरी तापमान गुणिले २० अधिक २८०, २६ अंशांना ८००. पाऊस ८०० पेक्षा कमी पण ४०० पेक्षा जास्त म्हणून अर्धशुष्क. शंभर किलोमीटरच्या आतबाहेर तीन हवामानं, आणि त्यात वर्षावनाचं एकही नाही.

माझ्या मते ए-एमचं सूत्र जास्त पावसाच्या गावांवर फारच मेहेरबान आहे. उत्तर ऋण आलं की त्याला अर्थ उरत नाही. झाडाच्या नजरेतून पाहायचं तर गॉसेनचा नियम बरा: महिन्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये, सरासरी तापमानाच्या दुपटीहून कमी असेल तर तो महिना कोरडा. गगनबावड्याला या मोजणीनं डिसेंबर ते एप्रिल पाच महिने तरी नक्की कोरडे पडतात. जंगलाला महिन्याला शंभर मिलिमीटर पाणी उडवायला लागतं, म्हणजे पाच महिन्यांत पाचशेची तूट. पावसाळ्यात सहा हजार पडले तरी ते साठवायला माती हवी, आणि मीटरभर खोल चांगली माती झाडाला उचलता येईल असं शंभर ते दीडशे मिलिमीटरच पाणी धरते. जांभ्याच्या सड्यावर तर वीतभर माती. तिथलं पाणी ऑक्टोबर संपता-संपता संपतं आणि गवत पिवळं पडतं. उलट दाजीपूर-राधानगरीच्या घळीत, ओढ्याकाठच्या देवराईत माती खोल आणि सावली दाट, तिथं अंजनी, जांभूळ, पिसा हिरवेगार राहतात. एकाच पावसाखाली दोन वेगळी जंगलं दिसतात ती या साठ्यामुळे. सिंगापूरमध्ये महिन्याकाठी शंभरच्या वर पडतच राहतं, साठ्याला फारसा हात लावावा लागत नाही.

विषुववृत्तावर असणं पुरेसं नाही, हेही ध्यानात घ्या. नैरोबी सव्वा अंश दक्षिणेला, पण जवळपास १,८०० मीटर उंचीवर. गार महिन्यांची १८ अंशांची अट चुकते. कीटो तर विषुववृत्ताला लागून, पण २,८५० मीटरवर. सोमालियातलं मोगादिशू दोन अंश उत्तरेवर, समुद्राकाठी, तरी पावसाला मोताद: मान्सूनचे वारे किनाऱ्याला समांतर निघून जातात आणि किनाऱ्यालगतचं पाणी उन्हाळ्यात गार असतं. गॅलापागोस बेटांचा सखल भाग थंड प्रवाहामुळे रखरखीत, कारण समुद्र २६-२७ अंशांच्या खाली असेल तर खोल ढग धरतच नाहीत. आणि उलटंही आहे. ऑस्ट्रेलियातलं इनिसफेल साडेसतरा अंश दक्षिणेवर, मादागास्करचा पूर्व किनारा, हवाई बेटांवरचं हिलो, ही सगळी विषुववृत्तापासून कोल्हापूरइतकीच किंवा अधिक लांब, तरी ए-एफ. तिथं डोंगरावर समुद्रावरचा व्यापारी वारा वर्षभर आदळतो, आपल्यासारखा दिवाळीला पाठ फिरवत नाही. एवढ्या एका फरकानं इनिसफेलला वर्षावन मिळालं. जवळचं उदाहरण हवं तर श्रीलंकेतलं रत्नपुरा घ्या. नैऋत्य मान्सून, मधले वळीव आणि ईशान्येचा हंगाम एकमेकांत मिसळून तिथं एकही महिना कोरडा पडत नाही.

हे हवामान बिघडतं तेव्हाही याच दोन कड्या तुटतात. एल निनोमध्ये पश्चिम प्रशांतातलं २८ अंशांपेक्षा उबदार पाणी पूर्वेकडे सरकतं, त्याबरोबर वर चढणारी हवाही सरकते आणि इंडोनेशियावर व ॲमेझॉनच्या मोठ्या भागावर उतरती हवा येते. १९९७-९८ आणि २०१५ मध्ये सुमात्रा-बोर्निओच्या पाणथळ पीट (अर्धवट कुजलेल्या पाल्याच्या थरांच्या) जमिनी वाळून पेटल्या, धूर सिंगापूरपर्यंत गेला. दुसरा बिघाड जंगलतोडीचा. झाडाची मुळं कोरड्या काळात आठ-दहा मीटर खालून पाणी ओढून हवेत सोडतात. कुरणाच्या गवताला ते जमत नाही. ॲमेझॉन खोऱ्यातला पाव ते निम्मा पाऊस आधी पडलेल्या पाण्याच्या फेरवापराचा मानला जातो, आणि किनाऱ्यापासून जितकं आत जाल तितका हा वाटा वाढतो. पूर्वेचं जंगल तोडलं की पश्चिमेचा पाऊस उशिरा सुरू होतो. दक्षिण ॲमेझॉनमध्ये कोरडा काळ लांबत चालल्याचं नोंदींतून दिसतंच आहे.

आलेख स्वतः काढून बघणार असाल तर एक काळजी घ्या. वर्तमानपत्रात गगनबावड्याचा जो आकडा रोज येतो तो १ जूनपासूनचा असतो, वर्षाचा नाही, आणि तो एका वर्षाचा असतो, सरासरी नाही. कोपेनच्या सूत्रात किमान तीस वर्षांच्या महिनावार सरासरीच घाला. तालुक्याचा आकडा आणि गावातल्या मापकाचा आकडाही वेगळे असतात. घाटमाथ्यावर दहा किलोमीटर पूर्वेला सरकलं तरी हजार-दीड हजार मिलिमीटरचा फरक पडू शकतो. दोन्ही गावांचे बारा स्तंभ शेजारी काढा, उभी मापपट्टी एकच ठेवा आणि साठ मिलिमीटरवर एक आडवी रेघ मारा. सिंगापूरचे बारा स्तंभ त्या रेघेच्या वर असतील. गगनबावड्याचा जुलै कागदाबाहेर जाईल, आणि जानेवारीच्या जागी पेन्सिल टेकवायलाही काही नसेल.